विक्री थांबली म्हणून चित्र थांबत नाही

नाशिकच्या एका चित्रकर्तीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. जी. डी. आर्ट ही चित्रकलेची पदविका होऊन बरीच वर्षे झाली. घरात नवरा, सासूबाई आणि पाच वर्षांचा मुलगा आहे, आणि घरातली मागची खोली हाच स्टुडिओ आहे. पहिल्या प्रदर्शनातली बहुतेक चित्रे विकली गेली, दुसऱ्यातले एकही गेले नाही. तेव्हापासून मोबाइलवरच्या फोटोंवरून व्यक्तिचित्रे करून देण्याच्या ऑर्डरी चालू आहेत, पण स्वतःचे असे एकही चित्र पुरे झालेले नाही. तैलरंग पातळ करायच्या टर्पेंटाइनच्या वासाची घरात तक्रार आहे. एका शाळेत कलाशिक्षिकेची पूर्ण वेळ नोकरी मिळण्यासारखी आहे. पुढच्या वर्षाच्या अखेरीस मुंबईतल्या एका दालनाची तारीखही मिळालेली आहे. नोकरी घ्यावी का, तारीख सोडावी का, आणि थांबलेला हात पुन्हा चालू कसा करावा, असे त्यांनी विचारले आहे. सोबत दोन्ही प्रदर्शनांतल्या चित्रांची छायाचित्रेही पाठवली आहेत.

मी तीसहून अधिक वर्षे तैलरंगात आणि जलरंगात काम करते आहे, आणि त्यातला मोठा काळ राहत्या घरातच काम केले आहे. त्यामुळे तुमच्या प्रश्नातली प्रत्येक गोष्ट माझ्या ओळखीची आहे. तरीही सर्वांत आधी तुमच्या मांडणीतली एक गाठ सोडवायला हवी. विक्री थांबली आणि चित्र अडले, या दोन गोष्टी एकाच सुमारास घडल्या म्हणून पहिलीमुळे दुसरी घडली, असे तुम्ही धरून चालला आहात. तुमची छायाचित्रे पाहिल्यावर मला तसे वाटत नाही. तुमचे चित्र दुसऱ्या प्रदर्शनाच्या बरेच आधी, म्हणजे विक्री उत्तम चालू होती त्याच दिवसांत अडायला सुरुवात झाली होती.

पहिल्या प्रदर्शनातल्या गोदाघाटाच्या जलरंगचित्रांकडे पाहा. ओल्या पायऱ्यांवरचा उजेड तुम्ही कोरा कागद राखून दाखवला आहे. म्हणजे ब्रश कागदाला लागण्यापूर्वीच उजेड कोठे राहणार हे तुम्ही ठरवले होते, आणि त्याच्या शेजारचा गडद रंग एका हातात, न चिवडता टाकला होता. दुसऱ्या प्रदर्शनात तोच घाट आहे, तीच पिवळसर सकाळ आहे, आकार मात्र जवळपास दुप्पट झाला आहे; आणि पायऱ्यांवरचा उजेड आता वरून लावलेल्या अपारदर्शक पांढऱ्या रंगाने आणलेला आहे. हा बदल लहान दिसतो, पण माझ्या दृष्टीने सगळे उत्तर त्यातच आहे. पहिल्या वेळी तुम्ही पाहून निर्णय घेत होता. दुसऱ्या वेळी आधी घेतलेल्या निर्णयाची आठवण काढून तो मोठ्या कागदावर उतरवत होता, आणि जिथे तो नीट उतरला नाही तिथे पांढऱ्याने दुरुस्ती करत होता. ‘तसेच एक आम्हालाही हवे’ अशी मागणी पहिल्या प्रदर्शनानंतर आली असणार. चांगल्या विक्रीनंतर ती प्रत्येकाला येते आणि ती नाकारणे घरखर्चाच्या दृष्टीने फार कठीण असते, हे मला पूर्णपणे मान्य आहे. तरीही हात थकतो तो अशा पुनरावृत्तीने. न विकल्या गेलेल्या चित्रांनी त्या थकव्याची तुम्हाला जाणीव तेवढी करून दिली.

चित्र विकले न जाण्याला तर कितीतरी कारणे असतात. प्रदर्शनाचा आठवडा कोणता होता, मोठ्या आकाराचे चित्र लावायला घेणाऱ्याच्या फ्लॅटमध्ये भिंत होती का, किंमत आधीच्या प्रदर्शनाच्या मानाने किती वाढवली होती, यांतल्या एकाही गोष्टीवरून चित्राच्या गुणवत्तेबद्दल काही ठरत नाही. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे वर्षाला मोजकीच चित्रे करत. त्यांचे १९७९ सालचे एक चित्र २०१३ च्या डिसेंबरमध्ये मुंबईतल्या लिलावात सुमारे २३ कोटी ७० लाख रुपयांना विकले गेले, तेव्हा त्यांना जाऊन १२ वर्षे झाली होती. चित्र होण्याचा काळ आणि त्याला पैसा मिळण्याचा काळ यांच्यात किती अंतर पडू शकते, याचे याहून ठळक उदाहरण आपल्या भागात नसेल. म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना दोन वेगळ्या वह्या ठेवायला सांगते. एकीत फक्त पैशाचा हिशेब असावा: रंग, कागद, फ्रेम, दालनाचे भाडे, आलेली रक्कम, राहिलेली रक्कम. दुसरीत फक्त कामाची नोंद असावी: तारीख, आकार, माध्यम, काय करून पाहिले आणि कोठे थांबले. पहिल्या वहीचा निकाल दुसऱ्या वहीत लिहायचा नाही. काही वर्षांनी या वह्या शेजारी ठेवून वाचल्या की चांगल्या विक्रीची वर्षे आणि चांगल्या कामाची वर्षे फार थोड्या वेळा एकत्र आलेली दिसतात, आणि एकदा ते दिसले की पुढच्या पडत्या वर्षाची भीती पुष्कळ कमी होते.

आता ऑर्डरच्या व्यक्तिचित्रांविषयी. या कामाला मी कमी लेखत नाही. महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी आयुष्यभर मागणीनुसार पुस्तकांसाठी आणि पोस्टकार्डांसाठी चित्रे काढली, दीनानाथ दलाल यांची ओळख घराघरांत पोहोचली ती मुखपृष्ठांमुळे आणि दिवाळी अंकांमुळे, आणि या दोघांच्या रेषेचा कस त्यामुळे कमी झाला असे कोणी म्हणणार नाही. मात्र त्यांच्या कामामागे प्रत्यक्ष माणसे पाहून केलेल्या रेखाटनाचा अखंड सराव होता. तुमची अडचण ऑर्डरीची नाही, मोबाइलवरच्या फोटोची आहे. समोरून फ्लॅश पडलेल्या फोटोत चेहऱ्याच्या सावल्या नाहीशा होतात, आणि सावली नसली की गालाचे हाड कोठे वळते ते कळत नाही. फोन जवळ धरून घेतलेल्या फोटोत नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात. अशा फोटोवरून महिनोन्महिने काम केले की हात पाहणे सोडून देतो आणि नुसते भरणे शिकतो. यावर उपाय आहे. ऑर्डर घेतानाच खिडकीजवळ, एका बाजूने उजेड पडेल अशा जागी काढलेले फोटो मागा, आणि शक्य असेल तर अर्ध्या तासाची एक तरी बैठक मागून त्यात कोळशाने किंवा पेन्सिलीने रेखाटन करून घ्या. दिवंगत व्यक्तीचे चित्र असेल तर घरातला भाऊ, मुलगा किंवा मुलगी यांपैकी ज्याची ठेवण जुळते त्याला त्याच उजेडात बसवून चेहऱ्याची घडण समजून घ्या. कुटुंबाला हे फार आवडते आणि चित्रात जीव येतो. शिवाय ऑर्डरची कामे महिन्याच्या ठरावीक दिवसांत बसवा. रोज थोडी ऑर्डर आणि रोज थोडे स्वतःचे, अशी वाटणी टिकत नाही, कारण ज्या कामाला मुदत आहे ते काम नेहमी दुसऱ्याची वेळ खाते.

याच ठिकाणी कायद्याची एक बाजू सांगते, कारण पुष्कळ चित्रकारांना ती माहीत नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार कोणी मोबदला देऊन आपल्यासाठी चित्र काढून घेतले, तर वेगळा करार नसल्यास त्या चित्राच्या कॉपीराइटचा पहिला मालक ते काढून घेणारा असतो, चित्रकार नव्हे. म्हणजे ते व्यक्तिचित्र उद्या तुम्हाला स्वतःच्या पुस्तिकेत छापायचे असेल तर परवानगी लागेल. एका पानाचा साधा करार करा. त्यात आकार, माध्यम, आगाऊ रक्कम, किती वेळा बदल करून मिळतील, आणि कॉपीराइट कोणाकडे राहील, हे पाच मुद्दे पुरेसे आहेत. आगाऊ रक्कम निम्मी घ्या. ती देताना जो खळखळ करतो तो उरलेली देतानाही करणार. स्वतःच्या मनाने केलेल्या आणि नंतर विकलेल्या चित्राचा कॉपीराइट मात्र, तुम्ही तो लेखी देऊन टाकला नसेल तर, तुमच्याकडेच राहतो, आणि त्याच कायद्याच्या कलम ५३अ नुसार मूळ चित्र पुढे १०,००० रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले तर त्या रकमेत चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना वाटा मागण्याचा हक्क आहे. तो वसूल करणे सोपे नाही, परंतु विक्रीची पावती आणि चित्राचा फोटो जपून ठेवला नसेल तर मागताही येत नाही.

घर आणि काम यांची सांगड ही तुमच्या प्रश्नातली सर्वांत अवघड बाजू आहे, आणि तिच्याविषयी ‘वेळ काढा’, ‘पहाटे उठा’ यांपलीकडे कोणी फारसे बोलत नाही. लहान मूल असलेल्या घरात वेळ किती मिळतो यापेक्षा तो किती वेळा तुटतो हे महत्त्वाचे आहे, आणि प्रत्येक माध्यम हे तुटणे वेगवेगळ्या तऱ्हेने सोसते. जलरंग ते अजिबात सोसत नाही. ३०० ग्रॅमच्या जाड कागदावर ओला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सलग थर, उतरत असताना मुलाने हाक मारली आणि तुम्ही पाच मिनिटांसाठी उठलात, तर नाशिकच्या कोरड्या हवेत, विशेषतः मार्च ते मे या काळात, वॉशची कड सुकून तिथे कायमची कडक रेघ उमटते आणि चित्र गेलेच. अॅक्रिलिकचे थोडे वेगळे. त्यात कागद किंवा कॅनव्हास बिघडत नाही, पण पॅलेटवरचा रंग सुकून कातडे धरतो आणि पाण्याबाहेर राहिलेला ब्रश कायमचा जातो. तैलरंग मात्र थांबून राहतो. त्याचे सुकणे पाणी उडून जाण्याने होत नाही, हवेतल्या ऑक्सिजनशी तेलाची रासायनिक क्रिया होऊन होते, आणि तिला दिवस लागतात. मुलाला शाळेतून घेऊन या, जेवायला वाढा, दुपारी परत या. पॅलेट जसे ठेवले तसेच असते.

म्हणून माझी तुम्हाला सूचना अशी की जलरंग घराबाहेर न्या आणि घरात तैलरंगात काम करा. मूल शाळेत असते त्या सकाळी आठवड्यातून एखाद-दोन वेळा छोटा कागद घेऊन बाहेर जा. शिवाजी तुपे यांच्यासारख्या चित्रकारांच्या जलरंगांनी घडवलेली निसर्गचित्रणाची परंपरा तुमच्या गावात आहे, आणि तुमचा हात मुळात तिथलाच आहे. मात्र काही महिने घाट टाळा. गंगापूर धरणाच्या बाजूची मळ्यांची जमीन घ्या, बाजार समितीतली गर्दी घ्या, जिथे उजेड कसा पडेल हे तुम्हाला आधीपासून ठाऊक नाही असे काहीही घ्या.

घरातल्या तैलरंगाचे वेळापत्रक रंगांच्या सुकण्यावरून बसवता येते. अंबर जातीचे रंग त्यांच्यातल्या मँगनीजमुळे लवकर सुकतात, बहुधा एक-दोन दिवसांत. टिटॅनियम व्हाइट, कॅडमियमचे रंग आणि आयव्हरी ब्लॅक यांना पुष्कळ अधिक वेळ लागतो, आणि पावसाळ्यात तो आणखी वाढतो. ज्या दिवशी जेमतेम तासभर मिळणार असे दिसते त्या दिवशी अंबरने पातळ मांडणी करून ठेवा, म्हणजे दोन-तीन दिवसांनी सलग वेळ मिळाला की त्यावर निर्धास्तपणे काम करता येते. खालचे थर कमी तेलाचे आणि वरचे अधिक तेलाचे, हा नियम तुम्हाला शिकवलेला आहेच; तुटक वेळात काम करताना तो विसरण्याचा संभव जास्त असतो, कारण कालचा थर कसा होता ते आठवत नाही. कामाच्या वहीत तेही लिहून ठेवा.

वासाच्या बाबतीत तुमच्या सासूबाईंचे म्हणणे बरोबर आहे. टर्पेंटाइनची वाफ बंद खोलीत कोणाच्याच प्रकृतीला चांगली नाही, आणि लहान मुलाच्या तर नाहीच. तिची गरजही तुम्हाला वाटते तेवढी नाही. मांडणीसाठी रंग ब्रशने घासून पातळ पसरवता येतो, आणि नंतरच्या थरांसाठी थोडे अळशीचे तेल पुरते. ब्रश आधी कागदाने पुसून, मग स्वस्त खाद्यतेलात घोळून, शेवटी साबणाने हातावर धुतले तर टर्पेंटाइनला हात लावावा लागत नाही; साबणाने तेल पूर्ण निघाले पाहिजे एवढी काळजी घ्या, कारण खाद्यतेल रंगात राहिले तर थर नीट सुकत नाही. शिशाचा पांढरा रंग घरात आणू नका. कॅडमियमचे रंग ट्यूबमध्ये असतात तोवर ठीक, पण सुकलेला थर पॉलिश पेपरने घासून त्याची धूळ उडवू नका, आणि कोरडी रंगद्रव्ये घोटण्याचे काम मूल मोठे होईपर्यंत बाजूला ठेवा. आणखी एक गोष्ट जिवाची आहे. अळशीच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगळून बादलीत टाकल्या तर तेल सुकताना निघणारी उष्णता आत कोंडून त्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका, आणि हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

ही व्यवस्था लागली की खोलीचे दार लावून घेण्याचा हक्क तुम्हाला मागता येतो. तो तुम्ही स्पष्ट शब्दांत मागितला पाहिजे. स्त्री घरात काम करते तेव्हा ती ‘घरीच’ असते असे सगळे समजतात. पोस्टमनला दार उघडणे, गॅसचा सिलिंडर घेणे, पाहुण्यांना चहा देणे ही कामे न बोलता तिच्याकडे येतात, आणि त्यात कोणाचा वाईट हेतू नसतो. म्हणूनच ते समजून घेतले जाईल याची वाट पाहण्यात वर्षे जातात. सकाळी अमुक ते अमुक मी कामावर आहे, हे एकदा ठरवून कागदावर लिहून स्वयंपाकघरात लावा. पतीला पैशाची वही दाखवा, तीही तोट्याच्या वर्षासकट. चित्रकाराच्या घरात पैशावरून जी भांडणे होतात त्यांतली बहुतेक तोट्यावरून होत नाहीत, लपवलेल्या तोट्यावरून होतात. दालनाच्या भाड्याचे किंवा फ्रेमवाल्याचे पैसे परस्पर उसने आणलेले जोडीदाराला बाहेरून कळले, तर पुढची पाच वर्षे प्रत्येक ट्यूबच्या खरेदीवर संशय राहतो.

घरातली माणसे फक्त अडथळा म्हणून पाहू नका, असेही मला सांगायचे आहे. सावळाराम हळदणकरांचे दिवा घेतलेल्या स्त्रीचे जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. ते पाहायला लांबून माणसे जातात, आणि त्यातली स्त्री म्हणजे त्यांची स्वतःची मुलगी गीता होय. हाताआडून येणारा ज्योतीचा उजेड बोटांच्या कडांमधून लालसर झिरपतो, तो पांढरा रंग वापरून आणलेला नाही. तो कागदाचा आणि पातळ थरांचा आहे. असे काम फोटोवरून होत नाही. समोर माणूस लागतो, आणि तोही तासन् तास उभा राहायला तयार असलेला, म्हणजे बहुधा घरातलाच. तुमच्या सासूबाईंना दुपारच्या वेळी खिडकीपाशी बसायला सांगा. त्या काय करत आहेत याला महत्त्व नाही. भाजी निवडत असतील, वाचत असतील. एका बाजूचा स्थिर उजेड, ओळखीचा चेहरा आणि कोणाचीही मागणी नसलेले चित्र, या तीन गोष्टी तुम्हाला आज सर्वांत जास्त हव्या आहेत. त्याच निमित्ताने त्यांना तुमचे काम जवळून दिसेल, हा त्याचा दुसरा लाभ.

तरीही पहिले काही आठवडे हात चालणार नाही, हे गृहीत धरा. त्या दिवसांत मोठा कॅनव्हास समोर लावून बसू नये, असे माझे ठाम मत आहे. कोरा मोठा कॅनव्हास पाहत बसल्याने काहीही सुचत नाही, फक्त अपराधी वाटते. त्या दिवसांची कामे वेगळी असतात आणि तीही स्टुडिओचीच कामे आहेत. कॅनव्हास ताणून घ्यावेत, त्यांना जेसोचे, म्हणजे रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे, थर द्यावेत, ट्यूब निवडाव्यात, जुन्या जलरंगांचे फोल्डर बाहेरच्या भिंतीपासून दूर हलवावेत, कारण पावसाळ्यात ओल त्याच भिंतीतून येते आणि कागदाच्या खळीवर बुरशी धरते. विकली न गेलेली चित्रे मात्र भिंतीकडे तोंड करून ठेवू नका. ती समोर लावा, एकेक करून पाहा, आणि प्रत्येकात पांढरा रंग कोठे वरून लावला आहे तेवढे वहीत लिहा. हे करताना त्रास होईल, पण दुसऱ्या प्रदर्शनाचा उपयोग आता एवढाच आहे आणि तो मोठा आहे. त्याच्या जोडीला लहान कागदावर रोज काहीतरी रेखाटा. १९८४ मधल्या अपघातानंतर गायतोंड्यांना मोठ्या कॅनव्हासवर काम करणे शक्य नव्हते; त्या काळात त्यांनी कागदावर शाईने लहान रेखाटने केली. आज ती स्वतंत्र काम म्हणून पाहिली जातात. माध्यम आणि आकार लहान केल्याने चित्रकार लहान होत नाही, हे पडत्या काळात स्वतःला पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

शाळेच्या नोकरीबद्दल तुम्ही स्पष्ट उत्तर मागितले आहे. नोकरीने चित्रकार संपतो हा समज चुकीचा आहे. धुरंधरांनी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये तीन दशकांहून अधिक काळ शिकवले. प्रभाकर बरवे यांनी हातमाग विणकरांसाठीच्या सरकारी वीव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये सुमारे दोन दशके नोकरी केली, आणि त्यांची स्वतःची चित्रभाषा त्याच वर्षांत घडली. पण तुमच्या बाबतीत नोकरी कोणत्या वेळेची, हा प्रश्न पगाराहून मोठा आहे. मूल शाळेत असते ते सकाळचे तास हाच तुमचा एकमेव सलग, नैसर्गिक उजेडाचा वेळ आहे. नोकरीने तोच घेतला तर संध्याकाळी ट्यूबलाइटखाली मुलाचा अभ्यास आणि स्वयंपाक सांभाळून तुम्ही चित्र काढाल असे मला वाटत नाही. तसे करणाऱ्या दोघी-तिघी मी पाहिल्या आहेत आणि त्यांच्या प्रकृतीवर झालेला परिणामही पाहिला आहे. दुपारच्या सत्राची किंवा अर्ध्या वेळेची नोकरी असेल तर जरूर घ्या. नसेल तर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षांचे खाजगी वर्ग घ्या. या परीक्षांच्या श्रेणीचे वाढीव गुण दहावीला मिळत असल्यामुळे पालक नियमित फी देतात, वर्ग संध्याकाळी असतात, आणि परीक्षेआधीचे महिने सोडले तर त्यांचा ताण बेताचा असतो. शिकवताना स्थिरचित्र आणि स्मरणचित्र पुन्हा पुन्हा मुळापासून समजावून द्यावे लागते, त्याचा तुम्हाला आज फोटोवरून केलेल्या ऑर्डरींपेक्षा अधिक उपयोग होईल.

पुढे पुन्हा चांगले वर्ष येईल, तेव्हासाठी एक गोष्ट आताच सांगून ठेवते. विक्रीची रक्कम आली की सर्वांत आधी पुढच्या प्रदर्शनाचा खर्च आणि वर्षभराचे साहित्य बाजूला काढा, आणि घराला उरलेली रक्कमच उत्पन्न म्हणून सांगा. खाजगी गॅलरी किमतीच्या साधारण एक तृतीयांशापासून निम्म्यापर्यंत कमिशन घेतात, फ्रेम आणि वाहतूक त्याशिवाय असते. पाटीवरची किंमत म्हणजे आपली कमाई असे घरच्यांना वाटू दिले की पुढे प्रत्येक महिन्याची अपेक्षा त्या हिशेबाने वाढते, आणि मग ‘तसेच एक आणखी’ या मागणीला नाही म्हणायची मोकळीक उरत नाही. दर चौरस इंचावर किंवा चौरस फुटावर ठरवा, स्टुडिओत आणि दालनात तोच ठेवा, आणि एका चांगल्या प्रदर्शनाच्या बळावर तो एकदम वाढवू नका.

मुंबईची तारीख सोडू नका. दालन कोणते ते तुम्ही लिहिलेले नाही, पण १९५२ मध्ये सुरू झालेल्या जहांगीर कलादालनासारख्या ठिकाणी अर्ज केल्यापासून तारीख हाती येईपर्यंत काही वर्षे जातात, आणि सोडलेली तारीख म्हणजे पुन्हा रांगेच्या शेवटी उभे राहणे. मात्र आजपासूनच प्रदर्शनासाठी चित्रे काढायला बसू नका. येता पावसाळा संपेपर्यंतचे काम कोणालाही न दाखवता होऊ द्या. नंतर त्यातून दिशा निवडा. तैलरंगांचे शेवटचे व्हर्निश चित्र सुकून किमान सहा महिने झाल्याशिवाय देता येत नाही, जाड थर असतील तर आणखी थांबावे लागते. म्हणून मोठी तैलचित्रे पुढच्या वर्षाच्या पहिल्या सहामाहीत पुरी व्हायला हवीत, आणि त्यानंतर होणाऱ्या चित्रांना प्रदर्शनापुरता रिटच व्हर्निशचा, म्हणजे तात्पुरत्या व्हर्निशचा, पातळ हात द्यावा लागेल. मोठ्या भिंती भरण्याच्या चिंतेने आकार वाढवू नका. मोजकी चित्रे, त्यांच्यामध्ये भरपूर मोकळी जागा, आणि एका बाजूला घरातल्या माणसांची रेखाटने, एवढे पुरते. दालनाला होकार कळवताना भाड्याचा उरलेला हप्ता कधी भरायचा, तारीख पुढे ढकलता येते का, वाहतुकीत किंवा मांडणीत चित्राचे नुकसान झाले तर जबाबदारी कोणाची, आणि विक्रीवर दालन कमिशन घेते का, हे चारही प्रश्न पत्राने विचारा आणि उत्तर लेखीच मागा.